नारा एका दिवसात: क्रम, गाड्या, खाणं आणि मूर्ती

कान्साईकर

ओसाका-क्योतोच्या सहलीत नाराच्या वाट्याला बहुतेकदा उरलेली दुपार येते. एक वाजता पोचायचं, हरणांना बिस्किटं घालायची, मोठा बुद्ध बघायचा आणि चारच्या गाडीने परत. नारा ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती, क्योतो वसायच्याही आधी. आठव्या शतकातल्या लाकडाच्या, मातीच्या, लाखेच्या मूर्ती इथे जितक्या बघायला मिळतात तितक्या क्योतोत मिळत नाहीत. म्हणून नाराला पूर्ण दिवस द्यावा आणि सकाळी लवकर पोचावं. देवळं पाच-साडेपाचला बंद होतात, त्यामुळे दिवस वाढवायचा तर सकाळच्याच बाजूने वाढवावा लागतो.

आधी स्टेशनांचा घोळ. नाराला दोन स्टेशनं आहेत, किंतेत्सु या खासगी रेल्वेचं किंतेत्सु नारा आणि जपान रेल्वेचं जेआर नारा. किंतेत्सुचं स्टेशन जमिनीखाली आहे. वर आलात की कोफुकुजी देऊळ पाच मिनिटांवर, मोठ्या बुद्धाचं देऊळ तोदाइजी वीस-पंचवीस मिनिटांवर. जेआर नारा पश्चिमेला आहे, तिथून सगळीकडे पंधरा मिनिटं जास्त चालावं लागतं. हातात जेआर पास असेल तरच जेआरने जा, कारण तो पास किंतेत्सुवर चालत नाही.

ओसाका-नांबाहून किंतेत्सुची ‘काइसोकु क्यूको’ ही जलद गाडी साधारण ४० मिनिटांत थेट पोचवते, भाडं ६८० येन. कोबेच्या सान्नोमियाहूनही याच प्रकारची गाडी न बदलता मिळते. क्योतोहून किंतेत्सुची ‘क्यूको’ (एक्सप्रेस) ७६० येनात पाऊण तासाच्या आसपास. ‘तोक्क्यू’ (लिमिटेड एक्सप्रेस) घेतलीत तर ५२० येन जादा, त्यात राखीव सीट आणि दहा-बारा मिनिटांची बचत. क्योतोच्या बाजूने एक गोष्ट नेहमी चुकते: सगळ्या क्यूको नाराला जात नाहीत, बऱ्याच काशिहाराकडे वळतात. अशा गाडीत बसलात तर यामातो-साइदाइजीला उतरून नाराची गाडी धरायची. तिथून स्टेशनं दोनच.

साइदाइजी सुटलं की मोबाइल खाली ठेवा. रूळ जुन्या राजधानीच्या हेइजो राजवाड्याच्या मोकळ्या आवारातून जातात. नाराकडे जाताना डावीकडे २०१०मध्ये पुन्हा उभारलेला दरबार-महाल आणि उजवीकडे १९९८मध्ये उभारलेलं सुझाकु द्वार दिसतं.

आता क्रम. पहिलं तोदाइजी. बुद्धाचं सभागृह एप्रिल ते ऑक्टोबर ७.३० ते ५.३० आणि नोव्हेंबर ते मार्च ८ ते ५ उघडं असतं, तिकीट ८०० येन. शाळांच्या आणि टूरच्या बसेस दहाच्या सुमाराला यायला लागतात, तुम्ही साडेआठला आत हवेत. बाहेर पडून मागच्या बाजूच्या दगडी वाटेने तोदाइजीच्याच निगात्सुदो या सभागृहाला चढा. तिथे तिकीट नाही, आणि सज्जातून तोदाइजीच्या छपरासकट सगळं शहर दिसतं. तिथून दक्षिणेला तामुकेयामा हाचिमान देऊळ, वाकाकुसा टेकडीचा पायथा आणि कासुगा ताइशा देऊळ, हे सलग चालत होतं. कासुगानंतर जंगलातल्या पायवाटेने ताकाबाताके भागात उतरा, मग नारामाची ही जुन्या घरांची वस्ती, आणि कोफुकुजी शेवटी. कोफुकुजीचं संग्रहालय ५ वाजता बंद होतं, पण १५ मिनिटं आधी तिकीट देणं थांबवतात. पावणेचारपर्यंत तिथे पोचा. एकूण चालणं आठ-नऊ किलोमीटर होतं.

रेवा_ठाणे

नेमका हवा होता हा धागा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आठ किलोमीटर जमणार नाहीत. काय गाळावं?

कान्साईकर

रेवाताई, गुडघ्यांना त्रास होईल अशा जागा तीन: निगात्सुदोच्या पायऱ्या, निगात्सुदो ते कासुगा या टप्प्यातले चढउतार, आणि सारुसावा तळ्याकडून कोफुकुजीवर चढणाऱ्या ५२ पायऱ्या. हे तीनही टाळून चांगला दिवस होतो.

किंतेत्सु स्टेशनवरून शहरात फिरणारी वर्तुळाकार बस घ्या आणि ‘तोदाइजी दाइबुत्सुदेन’च्या थांब्यावर उतरा. सभागृहापर्यंत सपाट आहे. बुद्ध बघून झाल्यावर चालत कासुगाला न जाता त्याच रस्त्यावरून ‘कासुगा ताइशा होन्देन’ अशी पाटी असलेली बस घ्या, ती देवळाजवळ वरपर्यंत नेते. वर्तुळाकार बस मात्र ‘कासुगा ताइशा ओमोतेसान्दो’ला सोडते. तिथून देवळापर्यंत बारीक खडीची लांब वाट आहे आणि खडीवर गुडघे लवकर बोलतात. नावं सारखी असल्यामुळे याच ठिकाणी लोक चुकतात. चौघं असाल तर टॅक्सीही परवडते, अंतरं लहान आहेत.

कोफुकुजीला स्टेशनच्या बाजूने, म्हणजे नोबोरिओजी रस्त्यावरून शिरा. तिकडून पायऱ्या लागत नाहीत.

चविष्ट

आईंच्या जेवणाचं लिहितो. जपानात शाकाहाऱ्याला मांस दिसतं, ते बाजूला ठेवता येतं. अडचण ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क. तो भाज्यांच्या पदार्थांतही असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. नाराजवळच्या मिवा गावचे सोमेन हे बारीक शेवयांसारखे नूडल गव्हाचेच, पण बुडवायची चटणी दाशीची. उदोन-सोबा हे नूडल, मिसो सूप, इनारी-झुशीचं टोफूचं आवरण, सगळ्यांत तीच दाशी. टेंपुराच्या पिठात बहुधा अंडं असतं. तयार करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते, म्हणून ‘व्हेजिटेबल करी’ या नावावर विसंबू नका.

हॉटेलात सांगायचं वाक्य: ‘निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस.’ मांस, मासे, अंडी खात नाही, दाशीही चालत नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासे चालतात असं समजलं जातं. वाक्य जपानीत टाइप करून दाखवलंत तर आणखी बरं.

बिनधास्त खाता येईल असं: सान्जो रस्त्यावर योमोगी हा हिरवा पाला घालून ताज्या कुटलेल्या मोची मिळतात. तांदळाचा हिरवा गोळा, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, वरून भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. गरम असतानाच खायच्या. दोघं जण लांब दांड्याच्या मोगऱ्यांनी उखळात कुटतात आणि त्यातलाच एक जण दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटतो, ते दाखवायला दिवसभरात अधूनमधून गर्दी जमते. वाराबी-मोचीही चालेल. शिवाय कोंबिनीतली (छोट्या किराणा दुकानातली) उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेला भाताचा गोळा, पण वेष्टनावरची घटकांची यादी कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा, काहींत कात्सुओ घालतात. स्टेशनजवळ भारतीय-नेपाळी हॉटेलंही आहेत.

मासे खाणाऱ्यांनी काकिनोहा-झुशी सोडू नये. खारवलेला बांगड्यासारखा मासा किंवा सॅमन भाताच्या वडीवर दाबून पर्सिमनच्या पानात गुंडाळतात. समुद्र लांब असलेल्या या भागात मासा टिकवायची ही जुनी रीत. पान खायचं नाही. नाराझुके हे इथलं प्रसिद्ध लोणचं साकेच्या चोथ्यात मुरवतात, त्याला दारूचा ठसठशीत वास असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं.

शिल्पवेडा

मूर्तींबद्दल लिहायलाच हवं, कारण नारा आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

तोदाइजीचा महाबुद्ध म्हणजे वैरोचन. सम्राट शोमूने तो करवला. ७४७ ते ७४९ या काळात खालून वर आठ थरांत ओतला, जवळपास ५०० टन तांबं लागलं. एक थर ओतायचा, बाहेरून मातीचा भराव चढवायचा, त्यावर उभं राहून पुढचा थर. उंची सुमारे १५ मीटर. ७५२च्या नेत्रोन्मीलनाच्या वेळी डोळे रंगवण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला. तो ७३६मध्ये जपानला पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा वाटा. तो कुंचला शोसोइन कोठारात अजून जपलेला आहे.

आज दिसतं ते सगळं आठव्या शतकातलं नाही, हे लक्षात ठेवून बघा. ११८० आणि १५६७ अशा दोन युद्धांत सभागृह जळालं. बुद्धाचं डोकं सतराव्या शतकाच्या शेवटी पुन्हा ओतलेलं आहे, म्हणून चेहऱ्याची ढब आणि धडाची ढब जुळत नाहीत. मूळचं काय राहिलं ते खाली आहे: कमळाच्या आसनाच्या काही पाकळ्या. सभागृहाची आत्ताची इमारत १७०९ची, रुंदी ५७ मीटर. मूळ इमारत याच्या दीडपट रुंद होती. मागच्या बाजूला लाकडी प्रतिकृती ठेवल्या आहेत, तिथे थांबून हा फरक पाहा.

बुद्धाच्या समोर उभं राहिलं की डावीकडे आकाशगर्भ, उजवीकडे चिंतामणिचक्र अवलोकितेश्वर. पुढे डावीकडच्या कोपऱ्यात हातात कुंचला आणि गुंडाळी घेतलेला उभा आहे तो विरूपाक्ष, पश्चिमेचा दिक्पाल. उजव्या कोपऱ्यात वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. बाहेर ओसरीवर उजव्या हाताला लाल टोपी घातलेली लाकडी मूर्ती आहे ती बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज याची. स्वतःचा जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा चोळायचा, अशी समजूत. रेवाताईंच्या बाबांनी गुडघा जरूर चोळावा.

आत शिरताना घाईत नांदाइमोन दरवाजा मागे टाकू नका. दोन्ही बाजूंच्या जाळीआड ८.४ मीटर उंचीचे दोन द्वारपाल आहेत. उन्केई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या साथीदारांनी १२०३मध्ये ६९ दिवसांत घडवलेले. एकाच ओंडक्यातले नाहीत, हजारो तुकडे जोडून केलेत, म्हणून इतकं काम इतक्या दिवसांत झालं. दरवाजाच्या मधोमध उभे राहा आणि वर बघा. छत नाही, आडव्या तुळया थेट खांबांत घुसवलेल्या दिसतात. खांब सरळ वर छपरापर्यंत गेलेत. अकराशे ऐंशीच्या आगीनंतर भिक्षू चोगेनने चीनमधून आणलेली ही बांधणी आहे.

कोफुकुजीत मात्र एकच मूर्ती बघायची म्हटलं तरी ती असुर. तीन तोंडं, सहा हात, उंची १५३ सेंटीमीटर, ७३४ची. लाखेत भिजवलेलं कापड थरावर थर चढवून केलेली आणि आतून पोकळ. वजन कमी, म्हणूनच आगींच्या वेळी उचलून बाहेर काढता आली. आपल्याकडे असुर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते इथे काहीच नाही. कोवळ्या मुलाचा चेहरा, भुवया किंचित आखडलेल्या, आणि समोरचे दोन हात जोडलेले. बाजूच्या दोन तोंडांवरचे भाव वेगळे आहेत, त्यासाठी दोन्ही कुशींना जाऊन बघा. फोटो काढू देत नाहीत.

मुक्ता_त

शिल्पवेडा, सुंदर प्रतिसाद. कोफुकुजीबद्दल एक भर: पाच मजली पॅगोडा (१४२६चा, ५० मीटर) दुरुस्तीसाठी पूर्ण झाकलेला आहे आणि काम अनेक वर्षं चालणार आहे. सारुसावा तळ्यात पडणारं त्याचं प्रतिबिंब बघायला म्हणून जाऊ नका. तळं वैशालीच्या मर्कटह्रदाच्या धर्तीवर केल्याचं सांगतात. मध्य सुवर्ण सभागृह मात्र २०१८मध्ये नव्याने पूर्ण झालं, ते बघता येतं.

आता हरणांचं, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते.

ही हरणं पाळीव नाहीत. हजाराच्या वर आहेत, मालक कोणी नाही, १९५७पासून राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित आहेत. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला, या श्रद्धेमुळे शतकानुशतकं त्यांना कुणी हात लावला नाही. ‘शिका सेन्बेई’ बिस्किटांचा गड्डा २०० येनच्या आसपास मिळतो. तांदळाचा कोंडा आणि पीठ, साखर नाही. बांधलेली कागदी पट्टीही त्यांनी खाल्ली तर चालते. बाकी काहीही द्यायचं नाही, पाव नाही, चिप्स नाहीत.

चुकतं ते असं. माणूस गड्डा घेतो, हात वर धरतो, फोटोसाठी हरणाला मान झुकवायला लावतो आणि बिस्किट देत नाही. हरीण एकदा झुकतं, दोनदा झुकतं, मग कुल्ल्यावर किंवा पोटाला चावतं. मान पुनःपुन्हा झटकणं हे अधीर झाल्याचं लक्षण आहे. त्यामुळे गड्डा स्टॉलपासून लांब नेऊन सोडा, चार-पाच मिनिटांत पटापट वाटून टाका आणि संपल्यावर दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. तळवे बघितले की बहुतेक निघून जातात. लहान मुलांच्या हातात अख्खा गड्डा देऊ नका, एकेक बिस्किट द्या आणि मागे उभे राहा.

कागद खिशातून बाहेर डोकावता कामा नये. नकाशा, तिकीट, बसचा पास, सगळं ओढतात. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले आहेत, त्यातून मरणंही झाली आहेत. कचरा बॅगेतून परत न्यायचा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर माजाचा काळ, नर अंगावर येतात. ऑक्टोबरात शिंगं कापण्याचा विधीही होतो. मे ते जुलै पाडसांचा काळ, तेव्हा गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तरी जवळ जाऊ नका, आई आसपासच असते.

प्रस्तर

तोदाइजी-कासुगाच्या पट्ट्यात सगळे जातात, पण मला विचाराल तर याकुशिजी आणि तोशोदाइजी जास्त शांत आणि जास्त मोलाची. याकुशिजीचा पूर्व पॅगोडा ७३०चा आहे, बारा-एक वर्षांच्या दुरुस्तीनंतर पुन्हा दिसू लागला. तीनच मजले, पण मधल्या छोट्या छपरांमुळे सहा वाटतात. तोशोदाइजी ७५९मध्ये चिनी भिक्षू गान्जिनने स्थापलं. समुद्र पार करायचे त्याचे पाच प्रयत्न फसले, डोळे गेले, सहाव्या प्रयत्नात तो ७५३मध्ये पोचला. मुख्य सभागृह आठव्या शतकातलंच आहे, समोरच्या आठ खांबांना मधे हलकासा फुगवटा. दोन्ही देवळं निशिनोक्योला, साइदाइजीहून काशिहाराच्या बाजूला. एकमेकांपासून दहा मिनिटं पायी. दोन्हींना मिळून दोन तास पुरतात.

म्हणून माझा क्रम: सकाळी तोदाइजी, निगात्सुदो, मग थेट निशिनोक्यो, आणि कासुगाला फाटा.

कान्साईकर

दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी तुमचा क्रम पटतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कासुगा गाळू नये. ७६८चं देऊळ आणि तीन हजारांच्या आसपास दिवे, दोन हजार दगडी आणि एक हजार ब्राँझचे टांगलेले. एरवी ते पेटवत नाहीत. सेत्सुबुन सणाला (बहुधा ३ फेब्रुवारी) आणि १४-१५ ऑगस्टला सगळे लावतात. इतर दिवशी सशुल्क भागातल्या फुजिनामी-नो-या या अंधाऱ्या खोलीत काही दिवे लावलेले असतात, ती खोली चुकवू नका. आणि मागचं जंगल: तिथे शिकार आणि तोड ८४१पासून बंद आहे. शहराला इतकं लागून असं रान सहसा राहत नाही.

कासुगाहून ताकाबाताकेला उतरलात तर शिन-याकुशिजीही वाटेवर आहे. भैषज्यगुरू या आरोग्याच्या बुद्धाभोवती वर्तुळात उभे बारा यक्ष-सेनापती, मातीचे, अकरा आठव्या शतकातले. अंधुक उजेड असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या.

शिल्पवेडा

होर्युजी या देवळाचा विषय निघेलच म्हणून आधीच लिहितो. ते नारा शहरात नाही, इकारुगा गावात आहे, जेआर नाराहून जेआर गाडीने बारा मिनिटं आणि मग वीस मिनिटं पायी. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे आहेत. त्यातल्या सुवर्ण सभागृहाच्या भिंतींवरच्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीशी करत आलेत. २६ जानेवारी १९४९च्या आगीत ती चित्रं करपली. आता भिंतींवर आहेत त्या नकला, मूळ करपलेल्या भिंती वेगळ्या कोठीत ठेवल्या आहेत. तो दिवस जपानात सांस्कृतिक वारशाच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळतात, देवळांत पाण्याच्या फवाऱ्यांची चाचणी होते.

अजिंठा पाहिलेल्या माणसाने होर्युजीला जावंच, पण नाराबरोबर एकाच दिवशी कोंबू नये. कोंबायचंच असेल तर ओसाकाच्या तेन्नोजीहून सकाळी जेआरने आधी होर्युजी, अडीच तास, मग जेआर नारा. तेव्हा नारात फक्त तोदाइजी आणि कोफुकुजी होतील.

रेवा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: तोदाइजी, बसने कासुगा, कोफुकुजीचं संग्रहालय. आणखी दोन गोष्टी. हॉटेल बदलायच्या दिवशीच नारा करतोय, बॅगा कुठे ठेवायच्या? आणि आमचा दिवस सोमवार आहे, काही बंद असतं का?

मुक्ता_त

बॅगा: दोन्ही स्टेशनांवर लॉकर आहेत, पण मोठ्या बॅगेचे खण थोडे असतात आणि एप्रिलमध्ये दहाच्या आत भरतात. तुम्ही साडेआठला पोचलात तर मिळतील. बॅगा खूप मोठ्या असतील तर आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्क्यूबिन’ सांगा. ते बॅग थेट पुढच्या हॉटेलला पोचवतात, बहुधा दुसऱ्या दिवशी, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या बॅगेत ठेवा. देवळांची तिकिटं बहुतेक ठिकाणी रोखीने घ्यावी लागतात, माणशी तीन-चार हजार येन सुटे बाळगा. गाडी-बसला इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरायचं कार्ड चालतं.

सोमवार: देवळं रोज उघडी असतात. नारा राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं, सोमवारी सुट्टी आली तर उघडं ठेवून मंगळवारी बंद. इसुइएन बाग मंगळवारी बंद, म्हणजे तुम्हाला ती मिळेल. नांदाइमोनचं छप्पर आणि वाकाकुसा टेकडी बागेचाच भाग वाटावा अशी तिची मांडणी आहे, आणि चालणं फार नाही. तोदाइजीहून बसस्टॉपकडे येताना ती जवळच पडते. तिकीट जास्त वाटलं तर शेजारची योशिकिएन बाग विनामूल्य आहे, पण तिथे उतार आहेत, बाबांसाठी इसुइएनच बरी.